पहिलं गिऱ्हाईक

१ एप्रिल २०२५ पासून श्रीलंकेने परदेशातून येणाऱ्या सेवा-उत्पन्नावर १५ टक्के कर लावला. तोवर सॉफ्टवेअर विकून डॉलर आणणाऱ्याला प्राप्तिकर माफ होता. त्यावरून तिथे पेटलेला वाद मी हिंजवडीत बसून ऐकतोय, कारण माझ्या रोजच्या कामातली निम्मी माणसं कोलंबोत असतात. एक बाजू म्हणते, करामुळे आयटीचं कंबरडं मोडेल, पोरं परदेशात खाती उघडतील, कंपन्या व्हिएतनामला जातील. दुसरी म्हणते, काचेच्या इमारतीत बसून डॉलरच्या भावाने पगार घेणाऱ्याला चहाच्या मळ्यातल्या बाईपेक्षा जास्त लाड कशाला? शिवाय आमच्या कँटीनमध्ये या वादाची एक फुकटची आवृत्ती निघालेली आहे. ‘अहो, सव्वादोन कोटींचा देश. आपल्या मुंबई महानगराएवढा. त्यांनी आयटीच्या नादी लागावंच कशाला? चहा विका, हॉटेलं चालवा.’

तिघंही चुकीच्या बांधावर भांडताहेत. लहान देशात तंत्रज्ञानाचा धंदा करमाफीने उभा राहत नाही आणि १५ टक्क्यांनी आडवाही होत नाही. घरचंच एखादं चोखंदळ, जरासं धाडसी गिऱ्हाईक ज्या दिवशी अनोळखी पोरांना पहिली ऑर्डर देतं, त्या दिवशी तो उभा राहायला लागतो. श्रीलंकेच्या गेल्या तीस वर्षांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय. पण तिथली चर्चा सवलती, लक्ष्यं आणि नव्या कंपन्यांना हात देणारे इन्क्युबेटर यांच्यापलीकडे सरकत नाही.

लक्ष्यांचंच बघा. आयटी उद्योगाच्या संघटनेने कधीकाळी ठरवलं होतं की २०२२ पर्यंत निर्यात ५ अब्ज डॉलर आणि स्टार्टअप एक हजार. २०२२ साल आलं तेव्हा देशाकडे पेट्रोलचं जहाज उतरवून घ्यायला पैसे नव्हते. आता सरकार बदललंय आणि ५ अब्जांचा तोच आकडा २०३० च्या पाटीवर चढलाय. प्रत्यक्षातली निर्यात त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपासही धापा टाकत पोचते. आकडा चुकला याचं मला काही वाटत नाही, आकडे चुकतातच. पण या आकड्यात एक कॉल सेंटर आणि एक शेअर बाजार चालवणारं सॉफ्टवेअर एकाच तागडीत मोजलं जातं, हे वाटतं. दोन्हीकडून डॉलरच येतात. मागे काय उरतं, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

शेअर बाजाराचं उदाहरण उगाच दिलेलं नाही. १९९६ मध्ये टोनी वीरसिंघे यांनी कोलंबोत मिलेनियम आयटी ही कंपनी काढली. तिने हात साफ केला तो कोलंबो शेअर बाजाराच्या कामावर. बाजार चिमुकला, दिवसाचे सौदे मुंबईच्या मानाने चिल्लर. पण सौदा चुकला तर ब्रोकर दारात येऊन बसणार, एवढ्या जवळचा. आता लंडनला चला. ८ सप्टेंबर २००८ रोजी, अमेरिकी सरकारने फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जातल्या बड्या कंपन्या ताब्यात घेतल्याच्या बातमीने जगभरचे बाजार उसळत असताना, लंडन शेअर बाजाराची यंत्रणा जवळपास सात तास बंद पडली. ब्रोकर नुसते पडदे बघत बसले. ती यंत्रणा मोठ्या नावांनी बांधलेली होती आणि तिच्यावर सुमारे ४ कोटी पौंड खर्च झालेले होते. पुढच्याच वर्षी लंडनने मिलेनियम आयटी अख्खी विकत घेतली, ३ कोटी डॉलरला, म्हणजे त्या फसलेल्या सॉफ्टवेअरच्या निम्म्याहून कमी किमतीत. २०११ च्या फेब्रुवारीत लंडनचा मुख्य बाजार कोलंबोजवळच्या मालाबेत लिहिलेल्या प्रणालीवर गेला. पुढच्या वर्षी जोहान्सबर्गही गेलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो सगळ्यात वजनदार आहे. मग ही कंपनी श्रीलंकेची राहिली कुठे? तीन कोटींना विकली गेली. २००५ मध्ये सुरू झालेली डब्ल्यूएसओटू ही सॉफ्टवेअर कंपनी २०२४ मध्ये ईक्यूटी या स्वीडिश गुंतवणूकदाराने ६० कोटी डॉलरच्या वर घेतली. क्रिस कॅनेकेरत्ने यांच्या व्हर्चुसा या आयटी कंपनीचं मुख्यालय पहिल्यापासून मॅसॅच्युसेट्समध्ये. ती वाढली तेव्हा बहुतेक माणसं हैदराबाद-चेन्नईत भरली गेली, कारण कोलंबोत तेवढे अभियंते मिळेनात, आणि शेवटी तीही एका खाजगी गुंतवणूक कंपनीकडे गेली. म्हणजे झाड इथलं, फळं दुसऱ्याच्या अंगणात. हे खरं आहे. मी ते नाकारत नाही, आणि तीन कोटी ही किंमत तर मला आजही टोचते.

पण श्रीलंकेला हे दुखणं नवं नाही. १८६९ मध्ये सिलोनच्या कॉफीवर तांबेरा पडला आणि वीसेक वर्षांत कॉफी संपली. त्याच्या दोनच वर्षं आधी जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलेकोंदेराच्या मळ्यात चहा लावला होता, त्यावर बेट तरलं. १८९० मध्ये थॉमस लिप्टन मळे विकत घ्यायला आला आणि पुढची शंभर वर्षं पान सिलोनचं, डब्यावरचं नाव परक्याचं, असा कारभार चालला. हे उलटवायला मेरिल फर्नांडो यांना १९८० चं दशक उजाडावं लागलं. चहा चाखण्याचं शिक्षण लंडनच्या मिन्सिंग लेन या चहाच्या व्यापारपेठेत घेतलेल्या या माणसाने डिलमा हा स्वतःचा ब्रँड ऑस्ट्रेलियात नेऊन विकला. चहाची चव कळणारी जीभ बेटावर होती म्हणून ते जमलं. मळ्यांची मालकी कुणाची, हा त्यातला दुसरा प्रश्न होता. मिलेनियम आयटी विकली गेली तेव्हा मालाबेतली माणसं जहाजात भरून लंडनला नेली नाहीत. सेकंदाच्या सूक्ष्म हिश्श्यात ऑर्डर कशी जुळवायची हे कळणारे शेकडो लोक तिथेच राहिले. पुढची कंपनी काढायची तर सामग्री तीच. कंपनी विकली जाण्यापेक्षा जास्त वाईट गोष्ट म्हणजे ती विकली गेल्यावर मागे काहीच कळणारं कुणी न उरणं. कॉल सेंटर हललं की नेमकं हेच होतं.

दुसरा आक्षेप बाजाराच्या आकाराचा. घरी गिऱ्हाईकच नाही तर पहिली ऑर्डर देणार कोण? इथे मला आपल्याकडची एक गोष्ट आठवते. बेळगावातून बस्तान हलवावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये आधार दिला तो औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. काम दिलं, कुंडल स्टेशनाजवळचा माळ दिला, कर्जाऊ पैसे दिले. औंध हे काही बडोदं नव्हतं. नकाशावर शोधावं लागेल असं तुकड्या-तुकड्यांचं संस्थान. बाजारपेठ म्हणाल तर लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असं मानणारे शेतकरी. ब्रिटिशांच्या मोठ्या बाजारपेठेत लक्ष्मणरावांना कुणी विचारत नव्हतं. या चिमुकल्या संस्थानिकाने विचारलं. लहानपणाचा हाच तर फायदा असतो. राजाला कारखानदार नावाने माहीत असतो, आणि कारखानदाराला राजासमोर उभं राहून ‘नांगर मोडला’ हे ऐकून घ्यावं लागतं.

माझ्या या मांडणीला छेद देणारं उदाहरणही आहे, ते लपवत नाही. डब्ल्यूएसओटूला घरचं गिऱ्हाईक नव्हतं म्हटलं तरी चालेल. संजीव वीरवरणा आयबीएमच्या अमेरिकेतल्या संशोधन विभागातून परतले, कोलंबोतली पोरं जमवून त्यांनी अपाचे या संस्थेच्या मुक्त-स्रोत प्रकल्पांवर काम सुरू केलं आणि त्यातून कंपनी निघाली. एका टप्प्यावर ईबेचे दिवसाला शंभर कोटींहून जास्त व्यवहार त्यांच्या सॉफ्टवेअरमधून जात होते. पुण्यात आम्हीही ते वापरलंय. रात्री दोनला अडलो तर कोलंबोतला कुणी पोरगा मेलिंग लिस्टवर उत्तर द्यायचा आणि त्याची सही बघून ‘हा तर शेजारी’ असं वाटायचं. (हेच वीरवरणा पुढे फावल्या वेळात पिकमी या तिथल्या टॅक्सी-ॲपची गाडी चालवायचे, कुठलंही काम हलकं नसतं हे दाखवायला. आपल्याकडच्या एखाद्या संस्थापकाची कल्पना करून बघा.) मुक्त-स्रोताने इथे पहिल्या गिऱ्हाइकाची जागा घेतली. कोड उघड्यावर टाकला की तो कुणीही तपासतो, नावं ठेवतो, सुधारतो. टेंडर भरावं लागत नाही, उलाढालीचा दाखला लागत नाही. विद्यार्थ्यांना मुक्त-स्रोताच्या कामाला लावणाऱ्या गूगलच्या ‘समर ऑफ कोड’मध्ये मोरातुवा विद्यापीठ कित्येक वर्षं जगात पहिलं राहिलं, ते याच सवयीतून. पण तरीही विचारावंसं वाटतं, वीरवरणांसारखा माणूस सोबत नेटवर्क घेऊन परत आला नसता तर? असे लोक दर पिढीत दोन-तीन. त्यांच्यावर देशाचं धोरण आखता येत नाही.

आणि याच परंपरेतलं दुसरं काम मात्र घरच्या गरजेतून आलं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर याच वर्तुळातल्या लोकांनी काही आठवड्यांत ‘सहाना’ नावाची प्रणाली उभी केली. हरवलेली माणसं, छावण्या, मदतीचं सामान यांची नोंद ठेवायची. पुढल्याच वर्षी ती पाकिस्तानच्या भूकंपात वापरली गेली. कुठल्या व्यवसाय-आराखड्यात हे लिहिलं होतं?

२०२२ चं उदाहरण तर मी जवळून पाहिलंय. त्या उन्हाळ्यात आमच्या सकाळच्या मीटिंगची सुरुवात कामाने व्हायची नाही, भारनियमनाच्या गटाने व्हायची. कोलंबोत घराघराला इंग्रजी अक्षराचा गट होता आणि कुठल्या अक्षराची वीज कधी जाणार याचा तक्ता रोज निघे. माझी एक सहकारी टेबलाखाली गाडीची बॅटरी ठेवून काम करायची. रुपया २०० वरून दोनेक महिन्यांत ३६० ला गेला, १२ एप्रिलला सरकारने विदेशी कर्ज फेडणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि पेट्रोलच्या रांगा दिवसच्या दिवस हलत नव्हत्या. रांगेत माणसं मेली. जुलैत आयसीटीए ही सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्था आणि स्थानिक कंपन्यांतल्या लोकांनी मिळून ‘नॅशनल फ्युएल पास’ आणला. वाहनाची नोंदणी करा, क्यूआर कोड घ्या, पंपावर दाखवा, ठरलेला कोटा घ्या. रिक्षाला सुरुवातीला आठवड्याला ५ लिटर, दुचाकीला ४. काही आठवड्यांत रांगा ओसरल्या.

पुढच्या जानेवारीत मी कोलंबोला गेलो. विमानतळाबाहेरच्या रिक्षात, आरशाला बुद्धाच्या फोटोशेजारी, लॅमिनेट केलेला तो क्यूआर कोड लटकत होता. कडा रबरबँडने गुंडाळलेल्या. कागद भिजला तर आठवड्याचं पोट गेलं म्हणून दुसरी प्रत सीटखाली. मी पुण्याचा म्हटल्यावर ड्रायव्हरने हँडलवर थाप मारून ‘बजाज!’ म्हटलं. रिक्षा आपली होती, कोड त्यांचा होता. मला तेव्हा वाटलं, या पंचावन्न-साठच्या माणसाला वापरता येईल आणि तेलाच्या पंपावर उन्हात चालेल असं सॉफ्टवेअर लाखो वाहनांसाठी तातडीने उभं करणाऱ्या पोरांनी त्या पावसाळ्यात जे कमावलं, ते कुठल्या इन्क्युबेटरच्या वर्गात शिकवतात?

अडचण अशी की संकट सरलं आणि सरकार पुन्हा नेहमीचं गिऱ्हाईक झालं. नेहमीचं सरकारी गिऱ्हाईक कसं असतं हे सांगायला कोलंबोला जायला नको. माझ्या एका मित्राची पुण्यात बारा माणसांची कंपनी आहे. एका नगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या कामाचं टेंडर निघालं, तर अट काय, तीन वर्षांची अमुक कोटींची उलाढाल आणि तसंच काम आधी केल्याचा दाखला. तसंच काम आधी करायला कुणी देईना म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून काम नाही. अखेर एका मोठ्या कंपनीने टेंडर घेतलं आणि ते काम त्यालाच पोटकंत्राटाने दिलं, चौथा हिस्सा कापून. बिल निघालं चौदा महिन्यांनी. तोवर त्याने बायकोचे दागिने गहाण टाकले होते. हा माणूस कर किती टक्के आहे यावर माझ्याशी कधीच बोलला नाही.

म्हणूनच १५ टक्क्यांचा वाद मला खोटा वाटतो. कर लावल्याने काही फ्रीलान्सर पैसे बाहेर ठेवतील, हे मान्य. व्हिएतनाम, फिलिपिन्सशी भावात टक्कर देणाऱ्या सेवाकंपन्यांना चिमटा बसेल, तेही मान्य. २०२३ पासून वरच्या पगारांवर ३६ टक्क्यांपर्यंत कर लागल्यावर डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक रांगा लावून गेले, हे तर मी आमच्याच टीममध्ये भोगलंय. अकरापैकी चार जण मेलबर्न आणि टोरंटोला. शिक्षणमंत्री कन्नंगरांनी १९४० च्या दशकात आणलेल्या मोफत शिक्षणाने बालवाडीपासून पदवीपर्यंत वाढवलेली ही माणसं. खर्च मळेवालीच्या करातून झाला आणि फायदा ऑस्ट्रेलियाला. पण मग त्याच मळेवालीने साबणावर १८ टक्के व्हॅट भरायचा आणि आपण शून्य, हे दिवाळं वाजलेल्या देशात कुठल्या तोंडाने मागायचं? आणि गेलेल्या चौघांपैकी एकानेही मला कराचा आकडा सांगितला नाही. एक म्हणाली, ‘दहा वर्षं दुसऱ्याची तिकिटं बंद करतेय. ती तिथेही करेन, निदान मुलाला वीज तरी असेल.’ तिकिटं म्हणजे आमच्या भाषेत ग्राहकाच्या तक्रारी. तिला घरी काही उभारायचं काम मिळालं असतं तर ती थांबली असती, असा दावा मी करत नाही. पण विचार करायला कारण तरी मिळालं असतं.

आता आपल्याला बोचणारा मुद्दा. श्रीलंकेच्या नव्या डिजिटल ओळखपत्राचं काम भारताच्या अनुदानावर चाललंय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४५ कोटी रुपये आगाऊ दिले गेले. शेजारधर्म म्हणून हे चांगलं आहे. आधार उभारताना आपण जे शिकलो ते वाटणं योग्यच. मूळ प्रणाली बेंगळुरूत जन्मलेली मोसिप आहे आणि ती मुक्त-स्रोत आहे, म्हणजे कोलंबोतल्या पोरांना ती उघडून बघता येईल, हेही खरं. पण अनुदानाबरोबर काम भारतीय कंपनीकडे जाणं ओघाने आलं. देशाच्या इतिहासातली कदाचित सगळ्यात मोठी घरची ऑर्डर, आणि ती घरी राहत नाही. १९८० च्या दशकात आपल्या रेल्वेने आरक्षणाचं संगणकीकरण सीएमसी या घरच्याच कंपनीकडे दिलं. तेव्हा एखाद्या मित्रदेशाने ‘आमचं तयार आहे, पैसेही आम्हीच देतो’ म्हटलं असतं, तर आपण काय गमावलं असतं याचा हिशोब आज मांडता येतो. आमच्या कँटीनमधल्या ‘त्यांनी चहाच विकावा’ वाल्यांना यात काही वावगं दिसत नाही, हे ओघानेच आलं.

तर चहाचं. कोलंबोचा चहालिलाव १८८३ पासून ओरडून बोली लावून चालायचा. लंडनचा लिलाव १९९८ मध्ये बंद पडला, कोलंबोचा टिकला. तो संगणकावर न्यावा म्हणून वर्षानुवर्षं समित्या बसल्या आणि उठल्या. दलाल म्हणायचे, समोरच्याचा चेहरा बघितल्याशिवाय भाव कळत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. पानं थांबत नाहीत, चहा गोदामात पडून राहिला तर मळ्यातला पगार थांबतो. एका स्थानिक कंपनीला काम दिलं गेलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरेदीदार आपापल्या घरून बोली लावत होते. माझ्या त्या बॅटरीवाल्या सहकारीचे वडील आयुष्यभर लिलावाच्या सभागृहात बसलेले. पहिल्या दिवशी त्यांनी पडद्यासमोर बसून सवयीने मोठ्याने बोली पुकारली, मग तिने बटण दाबलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिला सांगितलं की हे बटण चुकीच्या बाजूला आहे, घाईत अंगठा तिकडे जात नाही, करणाऱ्यांना कळव. तिने कळवलं. कंपनी वीस मिनिटांच्या अंतरावर होती.